पैलवानाची सोयरीक

साडू हे नातं ज्याने शोधून काढलं, त्याला स्वतःला साडू नसणार. सख्ख्या भावाशी भांडता येतं, मेहुण्याला दटावता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो. साडूच्या बाबतीत यातलं एकही जमत नाही. कारण दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी असतात आणि दुपारची भांडी आवरली की त्या फोनवर असतात. सकाळी साडूला दिलेली शिवी संध्याकाळी चहाबरोबर आपल्याच घरी परत येते.

म्हणून वस्तादाने सूड घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याची पहिली अट ही होती, की तो सूड कुणालाही सूड वाटता कामा नये. जमल्यास आहेर वाटावा.

वस्ताद हे त्याचं गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. त्याचं सलून त्या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं. आधी ते सासऱ्यांचं होतं. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, दोन मुली आणि दोन शागीर्द. त्यांनी थोरली थोरल्या शागिर्दाला दिली, धाकटी धाकट्याला, आणि हात थरथरायला लागला तेव्हा दुकान थोरल्याच्या ताब्यात देऊन बाकावर जाऊन बसले. धाकटा साडू दुसऱ्या खुर्चीवर उभा राहून केस कापायचा, गुणगुणायचा, गिऱ्हाइकांना हसवायचा. एके दिवशी तो म्हणाला, "साडूभाऊ, उद्या जरा उशीर होईल." तो अजून यायचा आहे. मधल्या काळात त्याने रस्त्याच्या पलीकडे, अगदी नाकासमोर, काचेच्या दाराचं सलून थाटलं होतं. केसाने गळा कापणं हा प्रकार वस्तादाने नुसता ऐकला होता. आता तो धंद्यातल्याच माणसाकडून करून घेतला.

तेही त्याने गिळलं असतं. थंड हवेचं यंत्र आलं, मान चोळायचं यंत्र आलं, तरणी पोरं तिकडे गेली. गेली तर गेली. तरण्या पोरांना केस कापून घ्यायचे नसतातच, नुसते ते लोकांनी बघावेत असं वाटत असतं. पण दर शनिवारी सकाळी बाबा वस्तादाच्या पहिल्या खुर्चीत बसून दाढी करून घेत, आणि ते मात्र साधं काम नव्हतं. म्हाताऱ्याची हनुवटी म्हणजे परीक्षेचा पेपर होता. मधोमध खळगा, त्यात उलटे उगवणारे केस, आणि हयातभर दुसऱ्यांच्या चुका काढत आलेला कान. उस्तरा किंचित अडखळला तरी मिटलेल्या डोळ्यांनी ते म्हणत, "हं." रस्त्यावर एक अलिखित कायदा होता. ज्याच्या खुर्चीत म्हातारा मान मागे टाकून डोळे मिटतो, तो खरा कारागीर.

मग साडूने मासा आणला.

फायटर मासा. निळा, रेशमी, परांचा घोळदार झगा घालून फिरणारा. साडूने त्याला दर्शनी काचेत भल्यामोठ्या टाकीत ठेवला आणि नाव दिलं नवाब. वस्ताद साडूला आधीच पाण्यात पाहत होता. आता तशी सोयच झाली. नवाब पाण्याच्या वरच्या थरावर तोंडाने बारीक बुडबुडे सोडून फेसाचा पुंजका करायचा, आणि साडू गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे मासासुद्धा फेस करतो, बघा!" लोक हसायचे. शाळेतून येणारी मुलं काचेला नाकं लावायची.

एका शनिवारी बाबा वस्तादाकडे यायला निघाले, वाटेत नवाब बघायला थांबले, बघता बघता आत गेले, आत गेले ते बसले, आणि बसले ते दाढी करूनच बाहेर आले. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी गालावरून हात फिरवला आणि वस्तादाला लांबूनच हात केला. वस्तादाने खुर्चीवर टाकलेला स्वच्छ टॉवेल उचलला, झटकला, पुन्हा घडी घातली. पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. खुर्चीत बसलेल्या विमा एजंटाने आपुलकीने विचारलं, "वस्ताद, बाबा हल्ली तिकडे का?"

"मासा बघायला जातात."

"दाढी पण तिथेच होते वाटतं."

त्या दिवशी विमा एजंटाच्या कानामागे जरा कापलं. चुकून.

साडूला नवाबासाठी बायको हवी आहे, ही बातमी दुपारच्या फोनवरून आली. "बुडबुड्यांचं घरटं केलंय म्हणे त्याने," वस्तादाची बायको सांगत होती. "नर घरटं करतो, मग मादी आणायची. भाऊजी परगावच्या बाजारात जाऊन चांगली बघणार आहेत. इथल्या दुकानातली म्हणे त्यांना पसंत नाही."

वस्ताद चहा पिता पिता थांबला. माशांच्या दुकानातल्या बाईने बोलता बोलता कधीतरी सांगितलेलं त्याला आठवलं. फायटरच्या नरांचे पर लांब, माद्यांचे आखूड. पण आखूड परांच्या नरांचीही एक जात असते, दिसायला थेट मादीसारखी. लोक मादी समजून नेतात आणि नराच्या टाकीत सोडतात. मग? मग काय, काका, चिंध्या.

चिंध्या हा शब्द त्याला फार आवडला. त्याने तो झोपेपर्यंत तोंडात घोळवला. शनिवारची सकाळ. बाबा त्या खुर्चीत. मान मागे. आणि समोरच्या टाकीत नवाबाच्या झग्याच्या चिंध्या. साडूला विचारलं तर तो काय सांगणार? साडूभाऊंनी प्रेमाने मादी दिली होती. साडूभाऊ काय म्हणणार? अरेरे, मला काय माशातलं कळतंय!

दुसऱ्याच दिवशी तो माशांच्या दुकानात गेला. जाताना गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवायचा छोटा आरसा खिशात घातला. फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या, मध्ये पुठ्ठे, एकेका बरणीत एकेक आखूड परांचा मासा.

"नर हवाय का मादी, काका?" दुकानातली बाई पाण्याची नळी तोंडातून काढत म्हणाली.

नर हवाय असं म्हणणं शक्य नव्हतं. ही बाई साडूलाही दाणे विकायची, आणि दाण्यांबरोबर बातम्या फुकट द्यायची. "असाच एक," वस्ताद म्हणाला.

"थांबा, बघून देते."

"राहू द्या. मला नजर आहे."

त्याने आरसा काढला आणि एकेका बरणीसमोर धरत गेला. बहुतेक मासे स्वतःला पाहून तोंड फिरवत होते. त्याची बरीचशी गिऱ्हाइकंही तेच करत. पण कोपऱ्यातल्या बरणीतल्या तांबूस माशाने आरशात पाहिलं, अंग ताठ केलं, कल्ल्यांची झाकणं फाडकन उघडली आणि खालून काळसर पडद्याची दाढी बाहेर काढली. वस्ताद वाकला. उभ्या जन्मात त्याने सगळ्या प्रकारच्या दाढ्या पाहिल्या होत्या, ठेवलेल्या, राहिलेल्या, रुसून वाढवलेल्या. दाढी म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जिथे दाढी तिथे पुरुष. त्याचा सगळा धंदा याच एका सिद्धांतावर उभा होता.

"हा द्या."

"हा नाही, ही बहुतेक—" बाई बोलू लागली.

"गिऱ्हाइकाला हवा तोच माल द्यावा, बाई. आम्हीही तेच करतो."

बाईने खांदे उडवले आणि बरणीचं झाकण लावलं. तिला दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती.

घरी बायकोने बरणी उजेडाकडे धरली. "हे काय आणलंत?"

"फायटर. दुकानात त्याला बेटा म्हणतात."

"नाव आधीच ठरवून मोकळे? आणि बेटी निघाली म्हणजे?"

"नर आहे. पारखून आणलाय."

"कशावरून?"

"दाढी आहे त्याला."

"दाढी तुमच्या आत्यालाही आहे."

हा मुद्दा माहेर-सासरचा असल्यामुळे वस्तादाने तो सोडून दिला.

"आणि पोटाखाली हा पांढरा ठिपका कसला?" बायकोने चष्मा पुढे सरकवला. "तांदळाच्या कणीसारखा."

"साबण उडाला असेल."

"पाण्यात?"

"तू झोप."

माशाचं नाव पैलवान पडलं. वस्तादाने त्याची बरणी दुकानात मोठ्या आरशाच्या बुडाशी ठेवली आणि तिच्यावर नॅपकिन टाकला. गिऱ्हाईक उठलं की नॅपकिन काढायचा. पैलवान आरशात शत्रू बघायचा, फुगायचा, दाढी काढायचा, काचेवर धडका मारायचा. मग नॅपकिन टाकायचा आणि दोन दाणे द्यायचे. अशी तालीम चालू झाली. वस्ताद त्याच्याशी हळू आवाजात बोलायचा. "तो बघ. पलीकडे. निळा झगा. नुसता झगा आहे, आत काही नाही. डाव्या अंगाने जा. झग्यावर भुलू नको, झगा फाड." खुर्चीतल्या माणसाला वाटायचं की वस्ताद आपल्याशी बोलतोय, आणि तो घाबरून होकार द्यायचा.

तालमीत एक गडबड झाली, ती वस्तादाच्या लक्षात आली नाही. पैलवान ओळख दाखवू लागला. सकाळी कुलूप उघडलं की बरणीच्या काठाशी येऊन उभा राहायचा. बोट पाण्याला लावलं की बोटाला टोचायचा. वस्ताद दिवसातून चारदा उगाच बोट लावायला लागला. शत्रूच्या घरात पाठवायचा शिपाई इतका लाडावू नये हे त्याला कळत होतं. पण सगळ्या सैन्यात सैनिक एकच असला की असं होतं.

शुक्रवारी दुपारी तो बरणी छातीशी धरून रस्ता ओलांडून गेला. साडूचं दुकान सुरू झाल्यापासून त्याने त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. साडू हातातली कात्री घेऊनच पुढे आला.

"साडूभाऊ! तुम्ही? या, या, बसा ना!"

"बसत नाही. नवाबासाठी स्थळ आणलंय. ऐकलं तू शोधतोयस."

साडूने बरणीकडे पाहिलं, मग वस्तादाकडे. त्याने कात्री खाली ठेवली. "माझ्यासाठी? तुम्ही? मी असा न सांगता गेलो, आणि तुम्ही…"

"झालं गेलं," वस्ताद म्हणाला. हे वाक्य त्याने घरून पाठ करून आणलं होतं.

साडूने बरणी टाकीला चिकटवून ठेवली. नवाब आला, झगा पसरून वळणं घेऊ लागला. आणि पैलवानाच्या तांबूस अंगावर बघता बघता उभे पट्टे उमटले. डोकं खाली झालं, अंग थरथरलं. युद्धाला निघालेल्या वीराने अंगाला पट्टे ओढावेत तसं ते दिसत होतं.

"लाजतेय," साडू म्हणाला.

"हं," वस्ताद म्हणाला.

पैलवान पाण्यात सुटला. वस्तादाने मागे वळून पाहिलं नाही. दुकानात परतून त्याने रिकाम्या जागेवरचा पाण्याचा गोल डाग पुसला, आणि काही कारण नसताना नॅपकिन पुन्हा तिथेच ठेवला. पलीकडे साडूने टाकीवर चादर टाकली. नवीन जोडप्याला जरा एकांत हवा, असं तो सगळ्यांना सांगत होता.

शनिवार उजाडला. वस्तादाने विमा एजंटाला खुर्चीत बसवलं, फेस लावला आणि आरशात पाहिलं. त्याच्या आरशात समोरचं सगळं दुकान उलटं दिसायचं, पाटीवरची अक्षरं उलटी, साडू डावखुरा. बाबा आले. आरशातल्या बाबांनी आरशातल्या खुर्चीत मान मागे टाकली. साडूने चादर काढली.

काचेपुढे माणसं जमली. कुणीतरी टाळी वाजवली. आणि काचेवर साडूने ठळक अक्षरात लिहिलेला कागद वस्तादाला आता दिसला. अक्षरं उलटी असल्याने तो वाचायला त्याला वेळ लागला. 'नवाबाच्या वधूपक्षाचे मनःपूर्वक आभार. समोरचे वस्ताद.'

वस्तादाने उस्तरा धुतला आणि पुन्हा पाहिलं. गर्दीतून मध्येच टाकी दिसत होती. फेसाच्या पुंजक्याखाली नवाब फिरत होता. झगा जागच्या जागी, एकही चिंधी नाही. आणि टाकीच्या कोपऱ्यात, वनस्पतीच्या मागे, तांबूस काहीतरी पडलं होतं. नवाबाने वळण घेतलं, बाणासारखा कोपऱ्यात घुसला, चावा घेतला, परत फेसाखाली आला. तांबूस मासा अंग चोरून काचेला चिकटला. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. हवा होता तोच शब्द, पण चुकीच्या माशावर.

"अरे, मार ना!" वस्ताद ओरडला.

विमा एजंट खुर्चीत ताठ झाला. "कुणाला?"

"उलटून मार! दाढी काढ!"

"वस्ताद, काढताय ना तुम्हीच!"

नवाब पुन्हा घुसला. पैलवानाने उलटून मारलं नाही. तो नुसता वर आला, काठाशी, जसा सकाळी कुलूप उघडल्यावर यायचा, आणि तिथे कुणाचं बोट नव्हतं.

आपण रस्ता कसा ओलांडला हे वस्तादाला नंतर कुणीतरी सांगावं लागलं. हातात फेसाचा ब्रश होता म्हणे. मागे विमा एजंट अर्ध्या दाढीने दारात येऊन उभा राहिला. गर्दी ढकलून वस्ताद आत शिरला, टेबलावरचा पाण्याचा मग उचलला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

"साडूभाऊ, अहो, फेसाला धक्का लावू नका!" साडू किंचाळला. "अंडी आहेत त्यात!"

"कसली अंडी! मारून टाकील तो त्याला!"

"घातल्यावर मादीला हाकलतोच नर. बाईंनी सांगितलं होतं लगेच काढा म्हणून. पण मी म्हटलं, नवीन जोडपं, पहिलीच सकाळ…"

"कुठली मादी!" वस्तादाने मगात पैलवानाला घेतलं आणि तो मग छातीशी धरला. दुकान शांत झालं होतं, पण त्याला ते ऐकू येत नव्हतं. "नर आहे हा! पैलवान आहे! मी स्वतः पारखून आणलाय, स्वतः तयार केलाय! तुझ्या त्या झगेवाल्याला उभा फाडायला पाठवला होता मी, आणि हा इथे…"

इथपर्यंत आल्यावर त्याला ते ऐकू आलं.

दुकानात साबणाचा फेस विरतानाचा आवाज येत होता. साडूच्या हातात उस्तरा होता, उघडा, बाबांच्या गालापासून वीतभर दूर. बाबांचा एक गाल गुळगुळीत होता, दुसरा पांढरा. त्यांनी डोळे उघडले.

"नर कशावरून?" बाबांनी विचारलं.

"दाढी आहे त्याला, बाबा."

"पोटाखाली बघितलंस?"

"ठिपका आहे. साबणाचा."

बाबा मगाकडे वाकले. मग फेसाच्या पुंजक्याकडे. तिथे बुडबुड्यांमध्ये पांढरे कण अडकले होते, आणि एखादा खाली पडला की नवाब तोंडात धरून जिथल्या तिथे नेऊन ठेवत होता. बापाला इतकी कामं असू शकतात हे त्या दुकानात अनेकांना नवीन होतं.

"तिथूनच अंडी येतात, वस्ताद," बाबा म्हणाले. "तुझ्या साबणातून."

लोक हसले असते तर बरं झालं असतं. पण सगळे साडूकडे बघत होते. साडू सावकाश काचेपाशी गेला, कागदाचे कोपरे नखाने सोडवले, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. इतकी वर्षं बडबड करणाऱ्या माणसाने एवढं गप्प राहणं वस्तादाला उस्तऱ्यापेक्षा लागलं.

बाबा उठले. टॉवेलने फेस पुसला, उरलेल्या दाढीसकट. "मला वाटत होतं, मी दोन माणसं तयार केली," म्हणाले, आणि अर्ध्या गालाने रस्त्याच्या मधोमध चालत घरी गेले.

पुढच्या शनिवारी ते कुठेच आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी बाकावर येऊन बसले, आधी इकडे, मग तिकडे. त्यांनी दाढी सोडली होती. दोन्ही दुकानांच्या दारांतून दोन्ही जावयांनी ती पाहिली. वाढलेली नव्हे, वाढवलेली. हा फरक त्या रस्त्यावर त्या दोघांइतका कुणालाही कळत नव्हता.

साडूने सूड घ्यायला घाई केली नाही. त्याने पिल्लं वाढवली. मिठाचे खडे मोजत बसावं इतकी ती होती. ती जरा मोठी झाल्यावर एके सकाळी तो खोकी घेऊन, हसतमुखाने, वस्तादाच्या दारात हजर झाला.

"काय हे?" वस्तादाने विचारलं.

"नातवंडं तुमची. निम्मी. वधूपक्षाचा हक्क मी कसा डावलीन?"

"मला नकोत."

"आणा आत, भाऊजी!" मागून वस्तादाची बायको म्हणाली. तिचा आणि बहिणीचा फोन आदल्या दुपारीच झाला होता.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. घोडं एक असतं. बरण्यांनी आरशांसमोरच्या सगळ्या फळ्या भरल्या. तेलाच्या बाटल्या खाली गेल्या, पावडर खिडकीत गेली, कंगवे वस्तादाच्या खिशात गेले. आणि तासाभरात त्याला कळलं की साडूने किती विचार करून सूड घेतलाय. सलूनमध्ये तिन्ही बाजूंना आरसे असतात. प्रत्येक पिल्लाने आरशात शत्रू पाहिला होता. सगळं दुकान फुगून, ताठ होऊन, आपापल्या प्रतिबिंबाला धडका मारत होतं.

माशांच्या दुकानातली बाई येऊन बघून गेली. "काका, आरसे झाका. असेच फुगत राहिले तर दमून मरतील."

"मी आरसे झाकले तर गिऱ्हाईक काय बघणार?"

"मासे," बाई म्हणाली.

आरशांवर वर्तमानपत्रं लागली. विमा एजंट मृत्युलेख वाचत दाढी करून घेऊ लागला आणि त्याचा धंदा वाढला. बाकीचे कुरकुरत.

"वस्ताद, मागून कसे झालेत केस?"

"छान झालेत."

"दाखवा की."

"सांगतोय ना छान झालेत म्हणून!"

पलीकडे साडूच्या दुकानात मात्र चकचकीत आरसे होते, कारण आपली निम्मी त्याने घरी ठेवली होती.

संध्याकाळी बायको चष्मा आणि बॅटरी घेऊन बसायची आणि बरण्या उजेडात धरायची. पैलवानाची शेपटी आता नव्याने आली होती, तिची बरणी सगळ्यांत वर. नाव मात्र तेच राहिलं. "ही मुलगी. हा मुलगा. ही… थांबा, हिची दाढी बघू नका, पोट बघा. मुलगी. हिला मोठ्या टाकीत टाका, मुलींचं एकमेकींशी जमतं."

"आणि मुलांचं?"

"मुलांना वेगळी बरणी. मोठे झाले तरी."

वस्ताद बरण्या पुसत खिडकीतून बाहेर बघत होता. बाबा पलीकडच्या बाकावरून उठून इकडच्या बाकाकडे येत होते. दाढी छातीला टेकली होती. गालांवर गुंता, मिशी ओठांवर उतरलेली, हनुवटीच्या खळग्याचा मागमूस नाही. नवखी माणसं त्यांना विचारत, "आजोबा, इथे बरं सलून कुठलं?" आणि ते दाढीवरून हात फिरवून दोन्हीकडे बोट दाखवत. मग ती माणसं तिसरीकडे जात.

शेवटी एका दुपारी साडूच रस्ता ओलांडून आला. बसला नाही. वर्तमानपत्र लावलेल्या आरशाकडे बघत म्हणाला, "माझीही गिऱ्हाइकं विचारतात. सासऱ्याची करता येत नाही, आमची काय करणार म्हणून."

"मलाही."

"म्हाताऱ्याने दोघांनाही उलट्या उस्तऱ्याने भादरलं, साडूभाऊ."

"हं."

"दुपारी गाढ झोपतात ते. दार नुसतं लोटलेलं असतं."

वस्तादाने त्याच्याकडे पाहिलं. दुकान सोडून गेल्यापासून साडू पहिल्यांदाच कामाचं बोलला होता.

दुसऱ्या दुपारी ते दोघं बाबांच्या खाटेच्या दोन बाजूंना उभे होते. वस्तादाकडे ब्रश आणि कोमट पाणी, साडूकडे कात्री, दोघांकडे एकेक उस्तरा. म्हातारा उताणा, तोंड किंचित उघडं, दाढी श्वासाबरोबर वरखाली. उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तसे दोघं तिच्याकडे बघत होते.

"आधी कात्री," साडू कुजबुजला. "मग डावा गाल तुमचा, उजवा माझा."

"उजवा तुझा का? तो तू त्या दिवशी केला होतास."

"म्हणूनच. मला ठाऊक आहे तो."

"बरं. उजवा घे. पण हनुवटी मी करणार."

"हनुवटी? का म्हणून?"

"मी थोरला आहे."

"शेवटची हनुवटी मी केली होती, साडूभाऊ. 'हं'सुद्धा म्हणाले नव्हते."

"फेसात तोंड होतं, म्हणतील कसे?"

"हे बघा, हात खाली घ्या आधी."

"तू घे. दुकान सोडून जायची सवय तुला, हनुवटीही सोड."

"सोडली असती. पण तुम्ही तिथेही नर समजून मादी पाठवाल!"

"हळू बोल, उठतील!"

"तुम्हीच ओरडताय!"

कोमट पाणी गार होत होतं. दोन उस्तरे म्हाताऱ्याच्या छातीवर हवेत एकमेकांसमोर थांबले होते. बाबांनी डोळे उघडले नाहीत. नुसता एक हात वर करून त्यांनी दाढी गळ्यापर्यंत चादरीखाली घेतली आणि कुशीवर वळले.

"हनुवटीचं ठरलं," ते म्हणाले, "की उठवा."